एक डोंगर, तीन वाटा

नेरळ स्टेशनच्या फलाटावर आमची सहल उभी होती. पुण्याहून पहाटे निघालेली बस आम्हाला सोडून बाजूला सावलीत थांबली होती. समोर माथेरानची छोटी गाडी तयार होती. डबे इतके बुटके, की फलाटावरच्या मोठ्या गाडीशेजारी ते खेळण्यातले वाटावेत. मुलांना मी सहज सांगून गेलो, "ही गाडी एकवीस किलोमीटर जाते आणि तिला अडीच-पावणेतीन तास लागतात."

नववीतल्या एका मुलीने तोंडातल्या तोंडात भागाकार केला आणि ती म्हणाली, "सर, म्हणजे ताशी आठ किलोमीटर! मोटारीचा रस्ता याच्या निम्मासुद्धा लांब नाही. चालत गेलो तरी गाडीच्या बरोबरीने पोचू. मग शंभर वर्षांपूर्वी एवढा खर्च करून ही गाडी बांधली तरी कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर फलाटावर उभ्या उभ्या देण्याऐवजी आम्ही एक प्रयोग करायचे ठरवले. दहा धट्टीकट्टी मुले एका शिक्षकांबरोबर मोटाररस्त्याच्या कडेने पायी निघाली आणि बाकीची माझ्याबरोबर गाडीत बसली. गाडी सुटायला आणि मुलांनी पाऊल उचलायला एकच वेळ साधली. शर्यत माथेरान स्टेशनपर्यंत होती. या शर्यतीचा निकाल शेवटी सांगतो. त्याआधी, ज्या डोंगरावर ती झाली त्या डोंगराची आणि त्यावर चढणाऱ्या वाटांची ओळख करून घेऊ.

तुटून उभा राहिलेला डोंगर

पुण्याहून नेरळला येताना एक गंमत ध्यानात येते. पुणे आणि लोणावळे पठारावर आहेत. लोणावळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून थोडी अधिक. तेथून बोरघाटाने खोपोलीला उतरले, की आपण जवळजवळ कोकणाच्या पातळीवर येतो. पुढे कर्जत, मग नेरळ. नेरळची उंची जेमतेम चाळीस मीटर. आणि तेथून पुन्हा आठशे मीटर उंचीच्या माथेरानवर चढायचे! एवढे उतरून परत चढायचे कशासाठी? माथेरान सह्याद्रीच्या मुख्य रांगेला जोडलेले का नाही?

याचे उत्तर पायाखालच्या दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर थिजला, की काही काळाने त्यावर दुसरा पसरे. चुलीवर एकावर एक धिरडी रचावीत तसे हे थर साचत गेले आणि आपल्या महाराष्ट्राचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. काही थर घट्ट आणि कठीण असतात, तर काही वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र. सच्छिद्र थर लवकर झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. म्हणून आपले डोंगर दुरून पायऱ्यांसारखे दिसतात.

पावसाने, ओढ्यांनी आणि नद्यांनी या पठाराची पश्चिमेकडची कड कोट्यवधी वर्षे खाल्ली आणि कड हळूहळू पूर्वेकडे सरकली. सरकताना मागे काही तुकडे उरले. माथेरान हा असाच एक तुकडा, शेजारचा प्रबळगड हा दुसरा. मधल्या दरीतून आज उल्हास नदी वाहते. माथेरानच्या पूर्व कडेवर उभे राहून पलीकडचा सह्याद्री पाहा. इकडच्या कड्यातले आडवे पट्टे आणि तिकडच्या कड्यातले आडवे पट्टे सारख्याच धाटणीचे दिसतात. कापलेल्या पावाचे दोन भाग लांब ठेवावेत, तसे.

पहिली वाट: लोखंडी

ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर चढले आणि पुढे येथे थंड हवेचे गाव वसले. पण वर जायचे ते पायी, घोड्यावरून किंवा पालखीतून. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने १९०१ ते १९०७ या काळात येथे रेल्वे बांधण्यात आली. १९०७ च्या मार्चमध्ये ती वाहतुकीस खुली झाली.

आता खरा प्रश्न: गाडीला एवढी लांब वाट का घ्यावी लागली?

रेल्वेचा सगळा फायदा एका गोष्टीत आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक अतिशय सहज गरगरते. सपाटीवर एक टन वजनाचा डबा चालता ठेवायला अवघ्या काही किलो वजनाइतका जोर पुरतो. मोटारीच्या रबरी चाकाला याहून कितीतरी जास्त लागतो. पण हाच गुण चढावर दोष ठरतो. जे चाक सहज गरगरते, ते सहज घसरतेही. एंजिन गाडी ओढते ते आपल्या चाकांनी रुळाला मागे रेटून, आणि हे रेटणे घर्षणावर अवलंबून असते. कोरड्या रुळावर हे घर्षण एंजिनाच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढे मिळते. रूळ ओले झाले, त्यावर पाने चिरडली गेली, की ते दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली येऊ शकते. एंजिनाची शक्ती कितीही वाढवा, याहून जास्त जोराने ते ओढू लागले की चाके जागच्या जागी फिरू लागतील आणि गाडी पुढे सरकणार नाही!

आता चढाचा हिशेब करू. चढ '२० ला १' आहे असे म्हणतात तेव्हा वीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर जायचे, असा त्याचा अर्थ. अशा चढावर गुरुत्वाकर्षण गाडीला तिच्या वजनाच्या विसाव्या हिश्श्याएवढ्या जोराने मागे खेचते. म्हणजे दर टनामागे ५० किलोचा जोर. सपाटीवर लागत होते त्याच्या दहा पट आणि वर!

समजा, एंजिन २० टनांचे आहे. कोरड्या रुळावर ते जास्तीत जास्त ५ टनांचा जोर लावू शकेल. इतर अडथळे क्षणभर विसरू.

चढ २० ला १ असेल, तर एकूण १०० टन वर जातील. त्यातले २० टन एंजिनाचे, म्हणजे ८० टनांचे डबे.

चढ ११ ला १ केला, तर एकूण ५५ टन. डब्यांसाठी उरले ३५.

चढ ४ ला १ केला, तर एकूण २० टन. म्हणजे एंजिन कसेबसे एकटेच वर जाईल. डबे खालीच!

आणि रूळ ओला असेल तर? २० ला १ च्या चढावरसुद्धा एकूण ४० टन, म्हणजे डब्यांचे फक्त २० टन. प्रत्यक्षात अगदी टोकापर्यंत ताणून चालत नाही. धोका टाळण्यासाठी ओझे याहून बरेच कमी ठेवतात. चाकाखाली बारीक वाळू सोडून घर्षण वाढवण्याची युक्तीही रेल्वेत जुनी आहे.

म्हणून या मार्गाच्या अभियंत्यांनी चढ २० ला १ पेक्षा तीव्र होऊ दिला नाही. नेरळपासून माथेरानपर्यंत सुमारे ७६० मीटर चढायचे, तेही २१ किलोमीटरांत. भागाकार करून पाहा. सरासरी चढ २८ ला १ येतो. तुलनेसाठी सांगतो, पुण्या-मुंबईच्या मोठ्या गाड्या १८६३ पासून बोरघाट चढतात, तेथे चढ ३७ ला १ आहे, आणि तेवढ्यासाठीही कर्जतला गाडीमागे जादा एंजिने जोडावी लागतात.

वळणांचे गणित

चढ सौम्य ठेवायचा तर वाट लांबवायला हवी, आणि डोंगराच्या अंगावर वाट लांबवायची तर वळणे घ्यायला हवीत. या मार्गावर दोनशेहून अधिक वळणे आहेत, लहानमोठे पूल शंभराहून अधिक, पण बोगदा अवघा एक. खडक फोडून आरपार जाण्यापेक्षा प्रत्येक सोंडेला वळसा घालणे स्वस्त पडले. माउंट बेरी नावाच्या टेकाडाजवळ तर घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा भराव घालून रूळ वळवलेला आहे. तसे केले नसते, तर गाडी थांबवून उलट्या दिशेने वर न्यावी लागली असती.

पण वळणाचीही एक अडचण असते. रेल्वेची दोन्ही चाके एका आसावर पक्की बसवलेली असतात. ती एकाच वेळी एकच फेरी पुरी करतात. वळणावर मात्र बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा लांब असतो. किती लांब? अर्धे वर्तुळ घेऊ. बाहेरच्या आणि आतल्या रुळांच्या लांबीतला फरक = ३.१४ गुणिले दोन रुळांमधले अंतर. पाहा, यात वळणाची त्रिज्या कोठेच येत नाही! माथेरानच्या गाडीच्या रुळांत ६१० मिलिमीटर अंतर आहे, म्हणून फरक सुमारे १.९ मीटर. नेहमीच्या रुंद रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर असते, तेथे हा फरक सव्वापाच मीटरांवर जातो.

हा फरक मोठ्या वळणात लांबवर वाटला जातो. लहान वळणात तो थोडक्या अंतरात उरकावा लागतो. समजा, वळणाची त्रिज्या २० मीटर आहे. अरुंद रुळावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे ३ टक्के अधिक अंतर तोडायचे असते, रुंद रुळावर जवळजवळ ९ टक्के. रेल्वेचे चाक किंचित निमुळते असते, ते बाजूला सरकून हा फरक थोडासा भरून काढते. पण ते सौम्य वळणापुरते. तीव्र वळणावर एका चाकाला घसरत जावेच लागते. गाडी वळताना जी कर्कश किंचाळी ऐकू येते, ती या घसरण्याची. अरुंद रूळ का निवडले, ते आता ध्यानात आले असेल. रूळ जेवढे जवळ, तेवढे वळण लहान घेता येते.

जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याने या मार्गासाठी चार वाफेची एंजिने बांधली होती. त्यांना सहा चाके होती. पण पुढचा आणि मागचा आस ताठ न ठेवता पोकळ आसाच्या साह्याने वळणाबरोबर किंचित वळेल असा बसवला होता. आता ओढण्याचे काम डिझेल एंजिने करतात. पण वळणे तीच आहेत आणि गणितही तेच.

आमची गाडी जुम्मापट्टीला थांबली, पुढे वॉटर पाइप स्टेशन आले. खिडकीतून खाली पाहिले, तर आपण नुकतेच ज्या रुळावरून आलो तो रूळ दोन मजले खाली दिसत होता. "सर, आपण पुढे चाललोय की गोल फिरतोय?" एकाने विचारले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

दुसरी वाट: डांबरी

मोटाररस्ता नेरळहून दस्तुरीपर्यंत जातो. त्याची लांबी सुमारे ८ किलोमीटर आणि चढण सुमारे ७०० मीटर, म्हणजे सरासरी चढ ११ ला १. रबरी चाक कोरड्या डांबरावर आपल्या भाराच्या निम्म्याहून अधिक घर्षण मिळवते, म्हणून मोटारीला हा चढ जमतो. पुढे दस्तुरीपासून माथेरानच्या बाजारापर्यंतच्या अडीच-तीन किलोमीटरांत मोटारींना बंदी आहे. भारत सरकारने २००३ मध्ये माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. पण मोटारबंदी त्याहूनही जुनी.

चढण्यापेक्षा उतरणे मोटारीला अवघड जाते. चढताना जी शक्ती खर्चून उंची मिळवली, ती उतरताना परत मिळते आणि ती कोठेतरी जिरवावी लागते. आमच्या बसचेच उदाहरण घ्या. माणसांसह तिचे वजन ८ टन धरू. बोरघाटात ती सुमारे ५५० मीटर उतरली. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, हा गुणाकार करा. ८,००० × ९.८ × ५५० म्हणजे सुमारे ४ कोटी ३० लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने ३० अंशांचे जवळजवळ दीडशे लिटर पाणी उकळीला येईल! ही सारी उष्णता ब्रेकमध्येच निर्माण झाली, तर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. म्हणून शहाणा ड्रायव्हर घाट उतरताना खालचा गिअर टाकतो आणि एंजिनाकडून गाडीला अडवून धरतो. "ज्या गिअरमध्ये चढायचे, त्याच गिअरमध्ये उतरायचे," हा ड्रायव्हर मंडळींचा नियम पदार्थविज्ञानाला धरूनच आहे.

बसमध्ये आणखी एक गोष्ट मुलांनी टिपली. पुण्याला घेतलेली वेफर्सची बंद पुडी लोणावळ्याला टम्म होती, ती नेरळला सैल झाली. आणि हीच पुडी माथेरानला पुन्हा फुगली! उंचीवर हवेचा दाब कमी होतो. माथेरानवर तो समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी असतो. पुडीतली हवा मात्र तेवढीच, म्हणून ती पुडीला आतून बाहेर ढकलते. कानात दडे बसतात ते याच कारणाने. तेथे पाणीही १०० अंशांऐवजी सुमारे ९७ अंशांनाच उकळते.

तिसरी वाट: पावलांची

गाडी माथेरानला पोचली तेव्हा दोन तास चाळीस मिनिटे झाली होती. चालणाऱ्या तुकडीचा पत्ता नव्हता. आम्ही स्टेशनबाहेर वाट पाहत उभे राहिलो. दहा मिनिटे गेली, वीस गेली. तिसाव्या मिनिटाला तुकडी आली, पण हसत हसत नव्हे. दोघांचे चेहरे लालबुंद होते आणि एका मुलाच्या पोटरीत गोळा आल्याने त्याला दोघांनी खांद्याचा आधार दिला होता. सर्वांच्या बाटल्या रिकाम्या होत्या. शेवटचा तासभर कोणाच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

चूक माझी होती. प्रत्येकाकडे अर्धा लिटर पाणी आहे ना, एवढेच मी नेरळला पाहिले होते. गाडीचा हिशेब मी तोंडपाठ सांगत होतो, पण माणसाचा हिशेब करायला विसरलो. मुलाला सावलीत निजवले. थोडे थोडे मीठ-साखरेचे पाणी पाजले, पोटरी हळूहळू ताणून चोळली. अर्ध्या तासात तो उठून बसला. मग तेथेच झाडाखाली बसून आम्ही तो विसरलेला हिशेब केला. तो तुम्हीही करा, कारण डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या तो कामाचा आहे.

मुलाचे वजन ५० किलो. चढण ७६० मीटर. ५० × ९.८ × ७६० = सुमारे ३ लाख ७२ हजार ज्यूल. म्हणजे जवळजवळ ९० किलोकॅलरी, ज्यांना आपण आहाराच्या भाषेत नुसत्या 'कॅलरी' म्हणतो. एवढ्या तर एका पोळीत असतात! पण थांबा. आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी सुमारे एक-चतुर्थांशच कामात आणतात. म्हणजे ९० कॅलरींचे काम करायला ३६० कॅलरी जाळाव्या लागल्या. उरलेल्या २७० कॅलरींची झाली उष्णता. ती अंगात साठली तर ताप चढेल. शरीर ती घामावाटे बाहेर टाकते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. भागाकार करा: साधारण अर्धा लिटर घाम.

हा झाला फक्त उंची चढण्याचा हिशेब. त्यात दहा-अकरा किलोमीटर आडवे चालण्याचे श्रम मिळवा, उन्हाची आणि तापलेल्या डांबराची धग मिळवा, न वाळताच टपकून वाया जाणारा घाम मिळवा. मग अर्धा लिटर पाणी कसे पुरणार? अशा वाटेवर माणशी दीड ते दोन लिटर पाणी हवे. आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी चार घोट घ्यायचे. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून शिदोरीत लोणचे-पोळी किंवा खारे दाणे असावेत.

आता शर्यतीचा निकाल. गाडी अर्ध्या तासाने जिंकली. "पण फारशी नाही," असे ती प्रश्न विचारणारी मुलगी म्हणालीच. तिला तिच्याच वहीत गणित करायला सांगितले. ३ लाख ७२ हजार ज्यूल काम ३ तास १० मिनिटांत. सेकंदाला किती? सुमारे ३३ ज्यूल, म्हणजे ३३ वॉट. जेमतेम एका लहानशा बल्बाइतकी शक्ती! आपण एवढ्याच शक्तीने तासन्तास चढू शकतो, म्हणून वाट तीव्र असली तरी चालते. नुसते सावकाश चढायचे. पण त्या शक्तीने वर जाते ते आपले स्वतःचेच ओझे. गाडीने त्याच वेळात आमची चाळीस माणसे, त्यांचे सामान, शिवाय इतर उतारू वर नेले. त्यांत एक काठी टेकत चालणाऱ्या आजी होत्या आणि एक तान्हे मूल होते. गाडी वेगासाठी बांधलेलीच नव्हती. ज्यांना चढवत नाही त्यांना वर नेण्यासाठी ती बांधली होती. मुलीने वही मिटली आणि ती म्हणाली, "म्हणजे माझा प्रश्नच चुकला." प्रश्न चुकला नव्हता. तिने फक्त एकच राशी मोजली होती.

लाल माती आणि रानवाट

दुपारी आम्ही सर्वांनी मिळून कडेकडेने रानवाट धरली. माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान, हे नाव किती सार्थ आहे ते तेथे चालताना कळते. अंजन, जांभूळ, हिरडा यांची दाट सावली. मधूनच एखादे शेकरू, आपल्या राज्याचा मानाचा प्राणी, या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेते. आणि पायाखाली सर्वत्र लाल माती.

खाली काळा दगड आणि वर लाल माती, हे कसे? हा जांभा. उष्ण आणि दमट हवेत लक्षावधी वर्षे पाऊस बेसाल्टमधून झिरपत राहिला. विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली. लोखंडाच्या गंजाचा जो रंग, तोच या मातीचा. जांभा स्पंजासारखा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो पिऊन घेतो आणि सावकाश सोडतो.

आणि पाऊस तरी किती! माथेरानला वर्षाला सरासरी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. एक हेक्टर उतारावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी भरते १० लाख लिटर, म्हणजे १,००० टन. हे पाणी मातीच्या कणांमध्ये शिरते, कणांना एकमेकांपासून ढकलते आणि त्यांच्यातले घर्षण कमी करते. पाहा, पुन्हा घर्षणच! चाकाला रुळावर धरून ठेवते ते घर्षण, आपल्या पावलाला वाटेवर धरून ठेवते ते घर्षण, आणि डोंगराच्या मातीला डोंगरावर धरून ठेवते तेही घर्षण. ते कमी झाले की दरड कोसळते.

म्हणून नेरळपासून वर येणारी गाडी पावसाळ्यात बंद ठेवतात. माथ्यावरच्या अमन लॉज ते माथेरान या लहान टप्प्यात मात्र ती चालू असते. २६ जुलै २००५ च्या महापावसात हा मार्ग इतका उखडला, की पुन्हा गाडी सुरू व्हायला २००७ चा मार्च उजाडला. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग वाहून नेला, आणि नेरळहून सुटणारी गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये माथेरानला पोचली. दुरुस्ती करताना जाळ्यांत दगड भरून बांधलेल्या भिंती उभारण्यात आल्या. अशी भिंत माती अडवते, पण दगडांच्या फटींतून पाणी जाऊ देते. पाणी कोंडले नाही, तर भिंतीवर दाब येत नाही. डोंगराशी दांडगाई करण्यापेक्षा त्याच्या पाण्याला वाट करून देणे शहाणपणाचे.

परतताना एका नागमोडी वाटेच्या मधून कोणीतरी सरळ खाली उतरणारी 'जवळची वाट' पाडलेली दिसली. दोन-तीन मुले तिकडे धावलीही. मी त्यांना थांबवून ती वाट नीट पाहायला सांगितले. तेथले गवत नाहीसे झाले होते, झाडांची मुळे उघडी पडली होती आणि मधोमध गुडघाभर खोल घळ तयार झाली होती. सरळ वाटेवरून पाणी वेगाने धावते, आणि वेगाचे पाणी माती खरवडून नेते. नागमोडी वाटेचे कारण रेल्वेच्या वळणांसारखेच आहे. उतार सौम्य ठेवायचा, म्हणजे पाऊलही टिकते आणि मातीही. आपण प्रत्येकी दोन मिनिटे वाचवतो आणि डोंगराची शेकडो वर्षांत तयार झालेली माती दरीत घालवतो. मुले मागे फिरली. पोटरीत गोळा आलेला तो मुलगाच सर्वांत पुढे होता.

तुम्हीही करून पाहा

१. एका फळीवर खोडरबर आणि गुळगुळीत नाणे ठेवून फळी एका बाजूने हळूहळू उचला. कोणते आधी घसरते? घसरले त्या क्षणी फळीची उंची मोजा. तिला फळीच्या आडव्या पसरलेल्या अंतराने भागा. हेच त्या दोन पृष्ठांमधले घर्षण. मग फळी ओली करून पुन्हा पाहा.

२. आपल्या गावाजवळच्या टेकडीची उंची शोधा आणि तुमच्या वजनावरून घामाचा हिशेब करा. सहलीला तेवढे, आणि त्याच्या तिप्पट, पाणी न्या.

३. ताटात वाळू-मातीचा उतार करा. एका बाजूला बोटाने सरळ चर पाडा, दुसऱ्या बाजूला नागमोडी. झारीने सारखेच पाणी घाला आणि खाली किती माती जमते ते पाहा.

आणि नेरळला गेलात, तर रुळावरून चालू नका. रस्त्याने चाला किंवा गाडीत बसा. गाडी वळणावर किंचाळली, की बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब आहे याची ती आठवण करून देत आहे, असे समजा!